पंधरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिणाऱ्यांना तो वाचक भेटू द्या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एक मुलगी कथास्पर्धेचं पत्रक हातात घेऊन माझ्या दुकानात आली. मी सांगलीत गावभागात तेवीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पूर्वी एम. फिल.चे प्रबंध, आणि मधूनमधून कथा-कादंबऱ्यांची बाडं. ही मुलगी मिरजेत नर्सिंगला आहे. नाइट ड्यूटीत वही भरते आणि सुट्टीच्या दिवशी मला टाइप करायला देते. तिच्या हातातल्या पत्रकावर दोनच गट होते. बालकथा, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी, आणि दुसरा खुला गट. खाली बारीक अक्षरात नियम होता : बालकथा संस्कारक्षम व बोधपर असावी, खुल्या गटात सामाजिक आशयास प्राधान्य.

तिची कथा तिच्या परवानगीनं थोडी सांगते. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात, आणि कारागिरांच्या घरात ते माळ्यावर टांगलेले असतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या कथेतल्या सोळा वर्षांच्या मुलीला कळतं, की माळ्यावरच्या एका जुन्या भोपळ्यात पूर्वी त्या घरात बोललेलं सगळं साठून राहिलंय. तार लावली की ते ऐकू येतं. त्यात तिच्या आईचं एक भांडण आहे, जे तिनं कधीच ऐकायला नको होतं. "ताई, ही कुठल्या गटात टाकू?" असं तिनं मला विचारलं. लहान मुलांना ती झेपणार नाही, आणि खुल्या गटातले परीक्षक 'भोपळा बोलतो' इथंच कागद बाजूला ठेवतील. मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

माझ्याकडे अशी बाडं वाढली आहेत. आठ-दहा वर्षांपूर्वी वर्षाला एखादं यायचं, आता चार-पाच येतात. लिहिणारे सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि लिहितात ते नववी ते बारावीच्या मुलांसाठी. ते स्वतः त्याला फँटसी म्हणतात, सायफाय म्हणतात, यंग अडल्ट म्हणतात. मराठीत त्याला एक नाव नाही, म्हणून विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा असं तुकड्यातुकड्यानं सांगावं लागतं. एक मुलगा पॉलिटेक्निकला आहे. एक जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या कादंबरीत २०८० साली ढगांचा लिलाव होतो, आणि एक दुष्काळी गाव वर्गणी काढून एक ढग विकत घेतं. गावातल्या पोरांवर रात्रभर जागून त्याची राखण करायची पाळी येते. त्या बाजारासाठी तिनं 'ढगबाजार' हा शब्द केलाय. मी टाइप करताना थांबून तो शब्द दोनदा मोठ्यानं म्हटला. जतमध्ये टँकरची वाट बघत मोठी झालेली आणि म्हैसाळ योजनेचं पाणी येणार येणार म्हणून ऐकत आलेली मुलगीच हा शब्द करू शकते.

हे लेखक काही परदेशी वारं लागून असं लिहीत नाहीत. आपली सांगली नाट्यपंढरी म्हणून मिरवते, ती कशावर? १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्यात देव होते आणि राक्षस होते. 'अलल्लडुर्र' करत येणारा राक्षस बघायला गाव लोटायचं. मराठी रंगभूमीचा जन्मच अद्भुतातून झालाय. आणि आजही आमच्या आसपास अद्भुताला तोटा नाही. कराडजवळ हजारमाचीला भूकंपाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी कोयना भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलंय, कशासाठी, तर १९६७च्या डिसेंबरात जो भूकंप झाला तशा भूकंपांचं मूळ शोधायला. पंधरा वर्षांच्या पोराला हे नुसतं सांगितलं तरी तो विचारतो, की त्या छिद्राला कान लावला तर काय ऐकू येईल? त्या प्रश्नाची गोष्ट लिहिणारा माणूस आपल्याला नको आहे का?

पण लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते मी माझ्या टेबलावरून रोज बघते. पॉलिटेक्निकच्या मुलाची कादंबरी एका प्रकाशनाकडून 'साभार परत' आली. सोबत दोन ओळींचं पत्र होतं, की कथेतून मुलांना काय बोध मिळतो हे स्पष्ट होत नाही. दुसऱ्या ठिकाणी ती स्वीकारली गेली, पण पस्तीस हजार रुपये भरा म्हणाले. तीनशे प्रती, मुखपृष्ठ आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, वेगळे पैसे. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, लेखकाला स्वतःलासुद्धा अर्ज करता येतो, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तोवर त्यानं आगाऊ रक्कम भरली होती. त्या प्रती आज त्याच्या पलंगाखाली खोक्यात आहेत. मी प्रकाशकांना सरसकट वाईट म्हणत नाही, कागदाचे भाव मलाही माहीत आहेत. पण जो वाचक कुठल्या यादीत नाही, कुठल्या कपाटात नाही, त्याच्यासाठी पुस्तक काढायला कोण पैसे घालेल? मग सगळा भार लिहिणाऱ्यावरच येतो.

त्यात टायपाची कटकट वेगळी. एक अंक म्हणतो युनिकोडमध्ये पाठवा, दुसरा म्हणतो श्रीलिपीच पाहिजे. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं साठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. फाइल कन्व्हर्ट केली की 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र निखळतो, र्‍हस्व-दीर्घ उड्या मारतं. एका स्पर्धेत त्या जतच्या शिक्षिकेच्या कथेवर 'शुद्धलेखन अत्यंत सदोष' असा शेरा आला होता. मी तिची मूळ फाइल काढून बघितली, तिच्यात एक चूक नव्हती. जे बिघडलं ते फाइल बदलताना बिघडलं. ती बाई शिक्षिका आहे. तिला तो शेरा किती लागला असेल, त्याचा विचार करा.

आता मूळ मुद्द्यावर येते. मला जे सांगायचंय ते मला माझ्या भाच्यानं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो दुकानात बसायला यायचा, तेव्हा नववीत जाणार होता. मराठी वाचत नाही म्हणून त्याच्या आईची सतत तक्रार. पण तोच मुलगा इंग्रजीतली सहाशे-सातशे पानांची जाड पुस्तकं चार दिवसांत संपवतो, म्हणजे वाचत नाही असं म्हणता येत नाही. मी पॉलिटेक्निकवाल्याच्या कादंबरीची प्रूफं काढून ठेवली होती, ती यानं उचलली. लेखकाला फोन करून विचारलं, तो म्हणाला, वाचू दे की ताई. मी भाच्याच्या हातात पेन्सिल दिली, आणि सांगितलं की जिथं कंटाळा येईल तिथं खूण कर.

ती प्रूफं अजून माझ्या कपाटात आहेत. पहिल्या बारा पानांवर काही नाही. तेराव्या पानाच्या समासात एक नागमोडी रेघ, आणि तिच्याजवळ 'पाणी प्यायला उठलो'. सतराव्यावर 'हे आजोबा परत भाषण द्यायला लागले'. बावीसपासून बत्तीसपर्यंत एक उभी रेघ सलग खाली ओढलेली, शब्द एकही नाही. मग तेहेतिसाव्या पानावर कादंबरीतली मुलगी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात उतरते, आणि तिथून पुढं शेवटपर्यंत कागद कोरे. फक्त एका ठिकाणी, जिथं दोन मुलं बोलतात, त्यानं लिहिलं होतं, 'मावशी, ही पोरं पुण्यात राहतात काय?' तिथं मूळ वहीत 'कुठं चाललाईस' होतं. कुणीतरी वडीलधाऱ्यानं तपासून 'कुठे निघाला आहेस' केलं होतं.

लेखक संध्याकाळी आला. माझ्यासमोर बाकावर बसून त्यानं सगळी पानं उलटली. त्या अकरा पानांच्या उभ्या रेघेवर तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "ताई, ही अकरा पानं मी परीक्षकांसाठी घातली होती. बोध दिसावा म्हणून." दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं ती काढायला लावली, आणि 'चाललाईस' परत आणलं.

त्यानंतर मी ओळखीतल्या आणखी चौघा मुलांना वाचायला बोलावलं. लेखकांची परवानगी दर वेळी घेतली. त्यात एक मुलगी हरिपूरची होती, तिचे आजोबा पेवांवर हमाली करायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वरून तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. हरिपूरच्या मातीत हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५च्या पुरात पाणी शिरून फार हळद गेली, आणि तेव्हापासून पेवांचं चलन मोडत गेलं. कादंबरीत मुलगी तोंडावरचा दगड सरकवते आणि लगेच दोरानं खाली उतरते. हरिपूरची मुलगी म्हणाली, "असं केलं तर ती मरंल की. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, आत हवा वाईट असती. तास-तास थांबतात. कंदील सोडून बघतात, विझला तर उतरायचं नाही." लेखकाला ही गोष्ट माहीत नव्हती. आता त्याच्या नव्या खर्ड्यात ती मुलगी पेवाच्या तोंडाशी बसून थांबते. कंदील खाली सोडलाय, ज्योत बारीक होत चाललीय, आणि खालून कुणीतरी तो कंदील हळूच उचलून धरतं. मी हे टाइप केलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर ऊन होतं, तरी मी उठून दुकानाचा मागचा दरवाजा लावून घेतला.

कुठल्याही कार्यशाळेत मिळालं नसतं ते त्या लेखकाला एका पंधरा वर्षांच्या मुलीकडून मिळालं. म्हणून माझी विनंती एवढीच, की या लेखकांची बाडं छापायच्या आधी, स्पर्धेत पाठवायच्या आधी, ज्यांच्यासाठी लिहिली आहेत त्या मुलांच्या हातात जाऊ द्या. आज ती फक्त आम्हा मोठ्यांच्या हातातून फिरतात. आम्ही बोध शोधतो, भाषा शुद्ध करतो, 'मुलांना हे कळेल का' असं विचारतो आणि मुलांना मात्र विचारत नाही. मग लिहिणाराही हळूहळू आमच्यासाठीच लिहायला लागतो.

स्पर्धा घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाला सांगते. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्यालाही आपली गोष्ट नावाशिवाय कुणीतरी वाचावी असं वाटलं. एक बाई टेबलाशी बसून नवऱ्याची कथा दुसऱ्याच्या नावासाठी स्वच्छ अक्षरात लिहून काढते आहे, हे चित्र माझ्या धंद्यामुळं मला फार जवळचं वाटतं. २०२५च्या मे महिन्यात सर गेले, तेव्हा या सगळ्या मुलांनी मला मेसेज केले होते. तसे 'जगताप' आज सांगली जिल्ह्यात असतील, त्यांना नावाशिवाय वाचणारे पंधरा वर्षांचे परीक्षक मिळाले पाहिजेत.

हे करणं अवघड नाही. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, कितीतरी वर्षांची परंपरा आहे. शेजारचं अंकलखोप साताऱ्याच्या भिलारसारखं पुस्तकांचं गाव म्हणून निवडलं गेलंय. त्या संमेलनात एक दुपार अशी ठेवावी, की लेखकानं आपल्या न छापलेल्या कादंबरीचं एक प्रकरण वाचायचं, समोर फक्त नववी ते बारावीची मुलं बसवायची, आणि वाचून झाल्यावर मुलांनी बोलायचं. मोठ्यांनी मागं बसून ऐकावं. ग्रंथालयांना माझं सांगणं आहे, की बालविभाग आणि कादंबरी यांच्या मध्ये एक फळी मोकळी करा. 'किशोर' मासिक १९७१पासून चालू आहे, त्यावर वाढलेली मुलं सातवी-आठवीनंतर मराठी कपाटांपुढून निघून जातात, कारण पुढं त्यांच्यासाठी काय आहे हे कुणी दाखवत नाही.

आणि संपादक महोदय, एक मागणं थेट आपल्याकडे. आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी अर्धं पान असतं. त्याच्या शेजारी आठवड्याला नऊशे शब्दांची जागा द्या. सव्वीस आठवड्यांत तेवीस हजार शब्द होतात, म्हणजे एक बेताची कादंबरी. नवीन लेखकाची, क्रमशः. दर आठवड्याला मुलांची पत्रं येऊ द्या, आणि लेखकानं पुढचं प्रकरण ती पत्रं वाचून लिहावं. युनिकोड की श्रीलिपी ते एकदा स्पष्ट छापा, अर्धा र मी सांभाळीन.

मला याची एवढी तळमळ का, तेही सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागात माझ्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. आदल्या रात्री शेजारच्या पोरांच्या मदतीनं मी कॉम्प्युटर आणि प्रिंटर वरच्या मजल्यावर नेले, यजमानांनी कागदाची रिमं नेली. बाडांची गोणी टेबलाखाली राहिली. तिच्यात एका मुलाच्या तीन वह्या होत्या. अशा प्रकारचं लिहिणारा माझ्याकडे आलेला तो पहिलाच. नदीखाली एक दुसरी सांगली आहे, तिथं आपल्याच पेठा, आपलीच नावं, पण माणसं पाण्यात श्वास घेणारी, अशी त्याची कादंबरी होती. फोटो काढून ठेवावेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पाणी उतरल्यावर चिखलातून ती गोणी काढली. वह्या उन्हात दोरीवर घातल्या. पहिली दोन प्रकरणं त्यानं बॉलपेननं लिहिली होती, ती वाचता येत होती. बाकी सगळं जेलपेनचं. ती पानं निळसर झाली होती, अक्षर म्हणून काही उरलं नव्हतं. त्याला बोलावून मी वह्या दिल्या. तो काही बोलला नाही, उलट माझं दुकान किती गेलं ते विचारत बसला. नंतर तो पुण्याला नोकरीला गेला. पुन्हा लिहायला लागला की नाही, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. त्याची दोन प्रकरणं मी टाइप करून जपून ठेवली आहेत. हे पत्र त्यानं वाचलं, तर त्याला एवढंच सांगते, की फाइल माझ्याकडे आहे, युनिकोडमध्ये आहे, आणि भाच्यानं ती वाचली आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय, 'पुढचं कुठाय?'

माझ्याकडून होईल ते मी करते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी विज्ञानकथा, अद्भुतकथा लिहिणाऱ्या कुणाही नव्या लेखकाच्या पहिल्या पन्नास पानांच्या पाच प्रती मी माझ्या खर्चानं काढून देईन, आणि वाचायला मुलंही जमवीन. औदुंबरच्या संमेलनवाल्यांनी एक दुपार दिली, तर सांगलीतून भिलवडीमार्गे वीस मुलांना नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी. त्यांच्या पालकांशी मी स्वतः बोलेन. डबे घरून आणू.

माझं नाव कृपया छापू नये. ज्यांच्या वह्या माझ्याकडे विश्वासानं येतात, त्यांची ओळख त्यावरून पटू शकते. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली विश्वासू,
एक डीटीपी ऑपरेटर,
गावभाग, सांगली